पाय धुणाऱ्या गुरूचे मराठी शिष्य : प्रस्तावना

खिदिरपूरच्या गोदीपासून थोडे आत वळले की भूकैलासची राजबाडी लागते. घोषाल जमीनदारांची ही जुनी वास्तू. आवारातल्या तळ्याकाठी दोन शिवमंदिरे आहेत, १७८१ सालची, आणि त्यांत भल्या उंच काळ्या पिंडी. हे सारे उभारणारे जयनारायण घोषाल उतारवयात काशीला जाऊन राहिले. तिथे मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्यांनी कृतज्ञतेपोटी मुलांसाठी शाळा काढायचे मनावर घेतले आणि १८१८मध्ये ती शाळा चर्च मिशनरी सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. या सोसायटीचे काशीतले काम रुजले ते या देणगीच्या आधाराने. पुढे पाव शतकानंतर काशीतच वाढलेला एक चित्पावन तरुण, नीळकंठशास्त्री गोरे, याच सोसायटीच्या मिशनऱ्याला वादात नामोहरम करण्यासाठी गेला. वाद लांबला, दोन-तीन वर्षे मनात धुमसत राहिला, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला शास्त्रीबुवांनी बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे ते हेच. इंग्लंडात असताना आपल्या मनातल्या शंका ज्यांच्या पत्राने फिटल्या म्हणून पंडिता रमाबाईंनी ज्यांचा उल्लेख केला, तेही हेच.

खिदिरपूरच्या शिवभक्ताचे दान, काशीतला शास्त्रार्थ आणि दौंडजवळच्या केडगावचे रमाबाईंचे मुक्तिमिशन असा हा धागा आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा प्रेमातून, उपासनेतून आणि नम्रतेतून कशी जगून पाहिली, हा या संग्रहाचा विषय. त्याची सुरुवात पुण्यामुंबईऐवजी हुगळीच्या काठावरून करण्यामागे हा धागा आहे, आणि तो एकटाही नाही.

मराठी ग्रंथछपाईच्या आरंभीच्या पानांवर हुगळीकाठच्या श्रीरामपूरचे नाव आहे. विल्यम कॅरी १८०० साली तिथे स्थिरावले. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर ते मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५चे, मराठी-इंग्रजी कोश १८१०चा आणि मराठी नवा करार १८११चा. या सगळ्या कामात त्यांच्या शेजारी वैजनाथ शर्मा नावाचे पंडित बसलेले असत. कॅरींचे नाव जगभर गेले, वैजनाथांचे मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तळटिपांत उरले. श्रद्धेच्या इतिहासात नम्रतेविषयी बोलताना हा तपशील मला नेहमी आठवतो. पोथीत दुसऱ्याच्या मुखातून बोलणारे आणि स्वतः नामशेष होणारे हात किती असतील!

१८१२मध्ये अमेरिकेहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांची गलबते याच हुगळीतून वर आली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना थांबू दिले नाही. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट निसटून फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला पोहोचले, आणि तिथे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. पुढे अहमदनगर हे त्या मिशनचे मोठे केंद्र झाले. तिथेच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. हॉल यांचा शेवट १८२६मध्ये झाला. नाशिककडे कॉलऱ्याची साथ होती. रोग्यांना औषधे वाटत ते हिंडले आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने गेले. त्यांची प्रवचने आज कुणी वाचत नाही. मला त्यांच्या चरित्रातली ही शेवटची वाट मोलाची वाटते.

तिसरी आठवण रमाबाईंची. १८७८ साली त्या भाऊ श्रीनिवास यांच्यासह कोलकात्यात आल्या. दुष्काळाने आईवडील आणि बहीण आधीच हिरावून नेली होती. पंडितांच्या सभेने त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. याच शहरात त्या प्रथम एका ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकताना पाहून त्या बहीणभावांना वाटले, ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे सरळपणे लिहून ठेवले. इथल्या माणसाला जी उपासना उपासनेसारखी दिसतच नाही, ती त्याच्या हृदयात उतरणार कशी, हा प्रश्न त्या एका प्रसंगात आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेने त्याचे उत्तर शोधण्यात चार शतके घालवली आहेत.

नव्या वाचकासाठी मूळ गाभा थोडक्यात सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाची हकिगत आहे. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत ही गोष्ट त्या काळी उलटी होती आणि आपल्याकडेही उलटीच आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात हाच विचार अधिक खोल नेला आहे : देवाच्या बरोबरीचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. ख्रिस्ती धर्मात प्रेम, उपासना आणि नम्रता या तीन निरनिराळ्या साधना नाहीत. पाय धुण्याच्या त्या एका कृतीत तिन्ही आहेत. पुढच्या दोन हजार वर्षांत कुणी त्यातले एक उचलले, कुणी दुसरे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या घातल्या. असिसीच्या फ्रान्सिसने दारिद्र्यालाच सोबतीण मानले. जेझुइटांनी शिक्षणाची वाट धरली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये पुन्हा मठजीवन सुरू झाले, आणि त्यातले दोन संघ आपल्या इतिहासात थेट येतात. काउलीच्या बंधुसंघाचे काम पुण्यात होते आणि फादर गोरे त्यांच्यात राहिले. वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना आश्रय दिला.

मराठीतली पहिली मोठी वाट गोव्याची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे काढून घेतली गेली होती, आणि त्यांच्या कानांना ओवीची सवय होती. स्टीफन्सने हे ओळखले. परक्या धर्मगुरूने स्थानिक लोकांच्या छंदापुढे केलेला तो नमस्कार आहे, असे मी मानतो. पण त्याच भूमीवर पोर्तुगीज राजवटीने १६८४मध्ये लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. सत्तेच्या सावलीत नम्रता किती टिकते, याचे हे कठोर उदाहरण आहे, आणि या संग्रहात ते झाकलेले नाही. वसईच्या किनाऱ्यावर मात्र पोर्तुगीज गेल्यावरही श्रद्धा आणि बोली दोन्ही नांदल्या. सामवेदी ख्रिस्ती समाजाची लग्नगीते, शेतीवाडी आणि क्रूसापुढची प्रार्थना एकाच अंगणात वाढली.

मुंबई इलाख्यातला एकोणिसाव्या शतकाचा अध्याय वादाने सुरू होतो. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची १८३१ची झुंज, १८५७च्या सुमारास विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांचे समुद्रकिनाऱ्यावरचे वाद, त्यांवरची पुस्तके आणि प्रतिपुस्तके. त्या वादांनी मराठी गद्य तावूनसुलाखून निघाले, हे खरे. बाबा पदमनजींसारखा लेखक त्यातून आला, आणि त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७मध्ये विधवांचे दुःख मराठी कथनात आणले. तरीही त्या काळचे खंडनमंडन वाचताना जीव दडपतो. दोन्ही बाजूंना जिंकायचे आहे. पाय धुणाऱ्या गुरूचे नाव घेऊन प्रतिपक्षाचे पाय ओढायचे काम चालले आहे. फादर गोऱ्यांचे मोठेपण मला इथे दिसते. षड्दर्शनांचे खंडन लिहिणारा हा पंडित आयुष्यभर स्वतःच्या श्रद्धेचीही झाडाझडती घेत राहिला. ज्ञान असूनही निश्चिंत न होणे, हीसुद्धा नम्रता आहे.

वादाकडून भजनाकडे जाणारे वळण अहमदनगरला आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. झांज, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, आणि आख्यान येशूचे. नारायण वामन टिळक या वळणाचे सर्वांत समर्थ कवी. जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव. बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. त्याच १८६१ साली हुगळी जिल्ह्यात ब्रह्मबांधव उपाध्याय जन्मले. ख्रिस्ती होऊनही भारतीय साधूचा वेश न सोडता संस्कृतात सच्चिदानंदाचे स्तोत्र रचणारे ते बंगाली. देशाच्या दोन टोकांना दोन ब्राह्मण एकाच ध्यासाने चालत होते. टिळकांनी तुकोबांना वाटाड्या मानले आणि त्यांच्याच अभंगाच्या वाटेने ते ख्रिस्ताकडे गेले. आज मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची पदे जागोजाग भेटतात. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार पुढे फार वाढला नाही. मला ती कल्पना त्यांच्या कवितेइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात चर्चच्या भिंतीपलीकडे बसलेल्या भक्तापुढे चर्चने नमते घेतले होते.

टिळकांपेक्षाही नम्रतेचा खरा अभ्यास करायचा असेल तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जावे. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकाला माहीत असतात ती त्यांतल्या विनोदासाठी, संसारातल्या ओढाताणीसाठी. पण ते एका श्रद्धेच्या घडणीचेही पुस्तक आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे ही बाई आपल्या सोवळ्यासह, आपल्या रागासह झगडत राहिली. कुणाच्याही हातचे पाणी न पिणारी ती हळूहळू विचार करू लागली, की भेद देवाने केले की माणसाने? कुठल्याही प्रवचनाने तिला बदलले नाही. तहान, दया आणि स्वतःची सरळ बुद्धी यांनी बदलले. मग तिच्या घरात अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, कुणी रागावून आले, कुणी उपाशी आले. टिळक उदारपणे माणसे घरी आणायचे, आणि त्यांच्यासाठी पीठ मळायचे ते लक्ष्मीबाईंनी. प्रेमाची कीर्ती एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, हे त्यांनी तक्रारीच्या सुराशिवाय, पण काहीही न लपवता लिहिले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, तेव्हा शाळेत न गेलेल्या या बाईने त्याचे उरलेले बहुतेक अध्याय ओवीत रचले.

नम्रता म्हणजे मान तुकवणे का, हा प्रश्न रमाबाईंनी विचारला, आणि मराठी ख्रिस्ती विचारात तो सर्वांत धारदार प्रश्न आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढले होते ते फुलहॅमच्या आश्रमाने. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तिथे सेवा होत होती. असे कोण करते, का करते, हे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. पण लवकरच वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि इतर वडीलधाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. त्रैक्याचा सिद्धांत, आहार, कुणाला शिकवावे आणि कुणाला नाही, अशा अनेक बाबतीत. त्यांना अहंकारी ठरवले गेले. रमाबाईंचे म्हणणे असे, की देवापुढे मी वाकते, पण धर्मगुरूंच्या प्रत्येक आज्ञेपुढे विवेक गहाण टाकणे माझ्या हातून होणार नाही. हा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे आणि ज्याने नम्रतेवर बोलायचे त्याने आधी तो वाचावा. माझ्या मते रमाबाईंचीच बाजू शुभवर्तमानाला धरून होती. पाय धुणारा गुरू राज्यपालापुढे उभा राहिला तेव्हा गप्प होता, पण वाकला नव्हता.

आणि याच ‘अहंकारी’ बाईने पुढे काय केले? १८८९मध्ये मुंबईत शारदासदन, ते पुढे पुण्यात, आणि नंतर केडगाव. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः हिंडून त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिमिशनची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. तरुणपणी ज्या भुकेने त्यांचे घर संपवले होते, तीच भूक त्यांनी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर ओळखली. १९०५मध्ये मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. मुली रात्रंदिवस रडत, प्रार्थना करत राहिल्या. पेन्टेकॉस्टल चळवळीचे जागतिक इतिहासकार आज त्या घटनेला आरंभीच्या घटनांत गणतात. रमाबाईंची शेवटची वर्षे मात्र शांत कामात गेली : हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणणे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली.

आता एक अवघड गोष्ट. वर आलेली बहुतेक नावे ब्राह्मणांची आहेत. नगर, जालना, सोलापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या मात्र मुख्यतः महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवले ते याच लोकांसाठी. गोरे, टिळक यांच्यासाठी नम्रता म्हणजे वरून खाली उतरणे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खालीच बसवले, त्याला पुन्हा नम्रता शिकवायची ती कुणी आणि कुठल्या तोंडाने? त्याच्यासाठी शुभवर्तमान ताठ उभे राहायला शिकवते. येशूने पेत्राचे पाय धुतले तेव्हा पेत्रालाही काहीतरी मिळाले : आपले पाय धुण्यालायक आहेत ही जाणीव. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ताविषयी आदर दाखवला आणि चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातिभेदावर, अन्यायाविरुद्ध न लढणाऱ्या ख्रिस्ती समाजावर बोटही ठेवले. ते भाषण मराठी चर्चने पुरेसे ऐकले नाही. प्रेम जर अन्यायाला हात लावत नसेल तर त्याची भीक होते. या संग्रहातला सर्वांत मोठा विभाग गावोगावच्या दलित मंडळ्यांना दिला आहे. संग्राहकांचा तो निर्णय मला पूर्ण मान्य आहे.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. १९२२मध्ये जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुण्याच्या त्याच्या आश्रमात भारतीय आणि युरोपीय एका पंगतीला, जमिनीवर बसू लागले. व्हेरिअर एल्विन याच आश्रमाच्या दारातून भारतात आले. १९७२मध्ये त्या जागी पुन्हा आश्रम सुरू झाला. अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या, आणि त्यांत वाँटेजच्या भगिनी होत्या. मिरजेला वानलेस यांचे रुग्णालय १८९४मध्ये उभे राहिले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरून दंडेलीला तोंड दिले, आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. प्रार्थना आणि नागरिकाचे धैर्य एका माणसात नांदू शकते, हे या पिढीने त्यांच्यात पाहिले.

खिदिरपूरहून आदिगंगा ओलांडली की कालीघाट. तिथल्या मंदिराशेजारच्या धर्मशाळेत १९५२मध्ये मदर तेरेसांनी मरणासन्नांसाठी निर्मल हृदय सुरू केले. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्या कामावर झालेली टीकाही. कालीच्या यात्रेकरूंची जागा शहराच्या महापालिकेने या कामाला दिली, हे मला जयनारायण घोषालांच्या शाळेशेजारी ठेवून पाहावेसे वाटते. आपली श्रद्धा जगायला दुसऱ्या श्रद्धेचा माणूस जागा करून देतो. इथल्या गोदीच्या परिसरात मशिदी, भूकैलासची देवळे, चर्च आणि सेंट थॉमस शाळा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. गोदीवर बिहारचे, ओडिशाचे मजूर राबले. अशा वस्तीत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला शेजारधर्माची व्याख्या पुस्तकात शोधावी लागत नाही.

हे सारे आज सांगण्याची गरज का? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. एवढ्या लहान समाजाविषयी बोलणे होते ते बहुधा धर्मांतराच्या वादात. शेजाऱ्यांना वाटते, सेवेमागे हेतू असतो. या संशयाला निषेधाच्या पत्रकाने उत्तर मिळत नाही. दुसरीकडे मंडळ्यांच्या आतही चिंता करण्याजोगे पुष्कळ आहे : जमिनींचे आणि पदांचे खटले, मोठ्या ध्वनिक्षेपकांची उपासना, आशीर्वाद म्हणजे समृद्धी असे सांगणारी प्रवचने. तरुण मुले इंग्रजी गाणी गातात आणि आजीच्या ओव्या आजीबरोबर जातात. इंग्रजी गाण्यांशी माझे भांडण नाही. पण आपल्याच घरात स्टीफन्स, टिळक, लक्ष्मीबाई असताना त्यांची ओळखही नसावी, याचे दुःख वाटते.

म्हणून या संग्रहाने धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक होण्याचे टाळले आहे. यात आत्मकथने आहेत, पत्रांची चर्चा आहे, कीर्तनाच्या रचनेचा अभ्यास आहे, आणि पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी वेगवेगळ्या मंडळ्यांत कसा होतो याची वर्णने आहेत. कुणाचे पाय धुतले जातात आणि कुणाचे नाहीत, हेही त्यांत आले आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लेखक शेजारी शेजारी आहेत. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहिले आहे, आणि त्यांच्या आक्षेपांना तिथल्या तिथे उत्तर देण्याचा मोह संग्राहकांनी आवरला आहे. ज्यांना हा विषय सर्वस्वी नवा आहे त्यांनी आत्मकथनांपासून सुरुवात करावी. सिद्धान्ताची पाने नंतर वाचली तर अधिक उमगतील.

एक उणीव आहे. वस्त्यावस्त्यांतून शुभवर्तमान वाचून दाखवत, दुखणेकऱ्यांची उशापायथ्याला बसून सेवा करत ज्या बायकांनी मराठी मंडळ्या खऱ्या अर्थाने उभ्या केल्या, त्यांच्याविषयी इथे फार थोडे आहे. मिशनच्या अहवालांत त्यांची संख्या सापडते, नाव क्वचित. त्यांच्या भजनांच्या वह्या, पत्रे, प्रार्थनांची टिपणे काही घरांतून अजून असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. वाचायला द्यावीत, निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवण्याचे संग्राहकांनी कबूल केले आहे.

खिदिरपूर, कोलकाता